तोंडी छप्पन्न, वहीत पासष्ट

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. आई महापेला नोकरी करते, घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. घरात सासरे आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांनी जन्मभर दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, हिशेब लिहिले, आधी मुंबईत मशीद बंदरला आणि बाजार नवी मुंबईत आल्यावर तुर्भ्याला. रोज दिवेलागणीला ते नातवाला समोर बसवून मराठीत पाढे म्हणून घेतात. तिसापर्यंत न्यायचेच, असा त्यांचा निश्चय आहे. शाळेत मात्र दर शुक्रवारी ‘टेबल्स’ची चाचणी असते, इंग्रजीत, क्रम मोडून आणि घड्याळ लावून. आजोबांपुढे सातचा पाढा घडाघडा म्हणणारा हा मुलगा शाळेत सात गुणिले आठला अडकतो. एकदा तर तोंडाने ‘सात आठे छप्पन्न’ पुटपुटत त्याने वहीत ६५ लिहिलं. वीसपैकी सात-आठ गुण मिळतात, आणि आता दर शुक्रवारी सकाळी त्याचं पोट दुखतं. आईने विचारलं आहे : सासऱ्यांना मराठी पाढे थांबवायला सांगू का? नुसती घोकंपट्टी करून काही उपयोग असतो का? अबॅकसचा क्लास लावू का? आणि शेवटी एक ओळ : ‘माझंही गणित कच्चंच होतं, त्याच्यात माझंच उतरलं असेल का?’

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी त्या ६५ कडे बघू, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. तुम्ही ते ‘पाढा कच्चा आहे’ याचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला ते नेमकं उलट दिसतं. मुलाला सात आठे किती ते ठाऊक होतं आणि तो बरोबर म्हणाला. चूक झाली ती त्यानंतर, ‘छप्पन्न’ हा शब्द कागदावर उतरवताना.

आपल्या मराठी संख्यांची गंमत बघा. छप्पन्नमध्ये आधी सहा ऐकू येतो आणि मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच लिहायचा, मग सहा. इंग्रजीत ‘फिफ्टी सिक्स’ म्हणताना ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच असतो. तुमचा मुलगा दिवसभर शाळेत त्या क्रमाने ऐकतो आणि संध्याकाळी आजोबांकडे या क्रमाने. ऐकलेला पहिला आकडा त्याने पहिला लिहिला, इतकंच. आता त्याला सहज विचारून बघा, ‘सात साते एकोणपन्नास, लिही बरं.’ ५९ लिहिलं तर दचकू नका. ‘पन्नास’ ऐकू आला की पाच लिहिणारी आणि ‘एकोण’ म्हणजे नऊ, असं धरून चालणारी कितीतरी मुलं मी ठाण्यात सव्वीस वर्षं पाचवी-सहावीला गणित शिकवताना पाहिली. ‘एकोण’ म्हणजे ‘एक कमी’, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पन्नासाला एक कमी म्हणून एकोणपन्नास, साठाला एक कमी म्हणून एकोणसाठ. नव्याण्णव तेवढा वेगळा. हे एकदा कळलं की चेहरा खुलतो मुलांचा.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा हेच समजावत होत्या, की आपल्या संख्यांची नावं जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलांना जड जातात. त्या बदलावर मतं वेगळी असू शकतात, माझीही तेव्हा पूर्ण सहमती नव्हती. पण अडचण खरी आहे, आणि ती तुमच्या मुलाच्या वहीत ६५ होऊन बसली आहे. तिचा उपाय पाढ्यांत नाही. रोज दहा संख्या तोंडी सांगायच्या, त्याने फक्त आकड्यांत लिहायच्या. एकोणसत्तर, सत्तावन्न, पंच्याहत्तर, त्रेसष्ट, छत्तीस, सगळ्या उलटसुलट. पाच मिनिटांचं काम. आठ-पंधरा दिवसांत फरक दिसेल.

आता दुसरी गोष्ट. आजोबांपुढे पाढा येतो आणि शाळेत येत नाही, हे कसं?

मी तुम्हाला एक विचारते, लगेच उत्तर द्या. लहानपणी पाठ केलेल्या मुळाक्षरांत ‘भ’च्या आधी कोणतं अक्षर येतं?

मनातल्या मनात ‘प फ ब भ’ म्हणालात ना? सगळेच म्हणतात. अक्षरं आपल्याला जन्मभराची पाठ आहेत, पण माळेसारखी. एका टोकाशी धरून ओढली तर सरसर येतात, मधला एक मणी काढा म्हटलं की पहिल्यापासून सरकवत यावं लागतं. मुलाचा सातचा पाढा तसा आहे. माझ्या वर्गात एक मुलगी बाकाखाली बोटं मोजत ‘सात एके सात, सात दुणे चौदा’ करत आठपर्यंत यायची. उत्तर बरोबर यायचं, पण तोवर पुढचे चार प्रश्न निघून गेलेले असायचे. तिला पाढा येत नव्हता असं मी कधीच म्हटलं नाही. तिला पाढ्यात मधल्या दाराने शिरता येत नव्हतं.

म्हणून ‘घोकंपट्टी वाईट की चांगली’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. माळ हवीच. आजोबांनी ती मुलाच्या तोंडात बसवली आहे आणि ते मोठं काम झालंय. ज्यांना माळच येत नाही त्यांना सात आठे विसरलं तर धरायला काहीच नसतं. पण माळेवर थांबून चालत नाही. म्हणायचा पाढा आणि विचारायचा पाढा या दोन गोष्टी आहेत, आणि तुमच्या घरी पहिलाच होतो, दुसरा थेट शुक्रवारी शाळेत.

आणि या दोन्हींच्या खाली तिसरी गोष्ट असते, बघायचा पाढा. सात आठे म्हणजे आठाच्या सात रांगा. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टपालपेट्या असतीलच, भिंतीवर ओळीने लावलेल्या. आमच्याकडे सात मजले, दर मजल्यावर आठ घरं, म्हणून आठ-आठ पेट्यांच्या सात ओळी आहेत. शेजारची नात एकदा त्या बोटाने मोजत उभी होती. अठ्ठावीसपर्यंत आली आणि चुकली. मी म्हटलं, एक ओळ मोज. आठ. दोन ओळी? सोळा. चार ओळी? बत्तीस. मग ती स्वतःच म्हणाली, ‘अजून दोन ओळींचे सोळा, म्हणजे अठ्ठेचाळीस, आणि एक आठ. छप्पन्न.’ मग मान तिरकी करून उभ्या रांगा बघितल्या आणि विचारलं, ‘इकडून सात-सातच्या आठ आहेत, तरी छप्पन्नच?’ सात आठे आणि आठ साते एकच, हे तिला आता कुणी पाठ करून द्यायला नको. लिफ्टची वाट बघण्याच्या दोन मिनिटांत झालं हे. ठिपक्यांच्या रांगोळीतही हेच आहे, सात ओळींत सात-सात ठिपके काढले की एकोणपन्नास समोर दिसतात. आंब्याच्या दिवसांत पाच डझनांची पेटी आली तर झाकण उघडण्याआधी विचारायचं, किती आंबे? बारा पंचे साठ. भिंतीवरची दिनदर्शिकाही वापरा. कोणत्याही महिन्यात ७, १४, २१, २८ या तारखा एकाच वाराला येतात, कारण त्या सातच्या पटीतल्या आहेत आणि आठवडा सातांचा.

आता शनिवारी सकाळी एक करा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर दहा आडव्या आणि दहा उभ्या घरांचा चौकोन आखा. वर एक ते दहा, डावीकडे एक ते दहा. शंभर घरं. मुलाला वाटतं शंभर गोष्टी पाठ करायच्या आहेत, त्याचं पोट त्यासाठी दुखतं. त्याच्याबरोबर बसून रंगवा. एक, दोन, पाच आणि दहाच्या ओळी, आडव्या आणि उभ्या, त्याला येतात. रंगवून टाका. चौसष्ट घरं गेली, उरली छत्तीस. मग टपालपेट्यांची गोष्ट सांगा, सात आठे आणि आठ साते एकच. कागद तिरका दुमडला की घरं एकमेकांवर येतात आणि वेगळी अशी एकवीसच उरतात. नऊचा पाढा दहावरून काढता येतो : नऊ साते म्हणजे सात दाहे सत्तरमधून एक सात कमी, त्रेसष्ट. तोही रंगवला की पंधरा. तीनचा पाढा लहान आहे. चारचा म्हणजे दोनाची दुप्पट : दोन साते चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस. हेही गेले की कागदावर फक्त सहा घरं पांढरी राहतात.

सहा सक छत्तीस. सहा साते बेचाळीस. सहा आठे अठ्ठेचाळीस. सात साते एकोणपन्नास. सात आठे छप्पन्न. आठ आठे चौसष्ट.

एवढंच. शंभरातले सहा. मी कितीतरी मुलांच्या डोळ्यांसमोर हा कागद रंगवला आहे आणि शेवटी ती सहा पांढरी घरं दिसली की ती जो श्वास सोडतात, तो मला अजून ऐकू येतो. हा कागद फ्रिजवर लावा. दर आठवड्याला दोनच घरं घ्या, म्हणजे तीन आठवडे झाले. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको, पण रोज. आणि ओळीने म्हणून घेऊ नका, विचारा. भाजी निवडताना एकदम ‘सहा आठे?’ त्याला आठवू द्या, चार-पाच श्वास थांबा, लगेच सांगू नका. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवायला लागलं की ते जास्त टिकतं. नाहीच आलं तर विचारा, ‘यातलं तुला काय येतं?’ सहा पंचे तीस येतं, सहा सक छत्तीस, साते बेचाळीस, अठ्ठेचाळीस. म्हणजे तो पहिल्यापासून न येता मधूनच सुरू करायला शिकतो. छप्पन्नसाठी एक खूण मुलांना फार आवडते : ५, ६, ७, ८ ओळीने लिहायचे. छप्पन्न म्हणजे सात आठे.

भाषेचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. ज्या भाषेत पाठ केलं त्याच भाषेत ते चटकन आठवतं, हे खरं. मुंबई-ठाण्यात इंग्रजीतून जन्मभर नोकरी केलेली माणसं पैसे मोजताना ओठांत मराठीच बोलतात, ते त्यामुळेच. तेव्हा मराठी पाढा अजिबात सोडू नका. पण चाचणी इंग्रजीत आहे आणि मुलाला प्रत्येक वेळी मनात दोन उड्या माराव्या लागतात, ‘सेव्हन एट्स’वरून सात आठेवर आणि छप्पन्नवरून ५६ वर. या उड्या कमी करायच्या तर मध्ये शब्दच नकोत. पत्त्यांएवढे कागद कापा, एका बाजूला ७ × ८, मागे ५६. तो बघेल आणि मागचा आकडा लिहील. मनात कोणत्या भाषेत म्हणाला ते विचारू नका. आणि एकाच बैठकीत दोन्ही भाषांत म्हणून घेऊ नका, गोंधळ तिथे होतो. संध्याकाळ आजोबांची मराठीत, कार्डं सकाळी शब्दांविना.

राहिले तुमचे सासरे. ताई, त्यांना थांबवू नका. तुम्ही त्यांना ‘जुन्या पद्धतीचे’ म्हटलंय. ज्या काळात त्यांनी पाढे शिकले तो काळ जरा डोळ्यांपुढे आणा. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, तेव्हा ते शाळेत होते. त्या काळी दुकानात पाव, निम, पाऊण, सवा, दीड हे सगळं तोंडी लागायचं, म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकीसुद्धा मुलांकडून म्हणून घेत. दाणाबंदरात गोण्यांचा हिशेब त्यांनी त्यावरच केला. तिसापर्यंतचा पाढा हे त्यांचं हत्यार होतं आणि ते ते नातवाच्या हातात देऊ बघताहेत. ‘बाबा, बंद करा’ हे त्यांना फार लागेल.

त्याऐवजी काम बदलून द्या. नवऱ्याकरवी निरोप नको, तुम्हीच रविवारी चहा घेताना त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘बाबा, पाढे त्याला तुमच्यामुळे येतात. पण शाळेत मधूनच विचारतात आणि तो घाबरतो. तुम्ही त्याला मधूनच विचाराल का?’ मग तीन बदल सुचवा. एक, पाढा रोज चारपासून किंवा सहापासून सुरू करायचा, कधी दाहेपासून उलटा. दोन, त्या दहा संख्या लिहून घ्यायचं काम त्यांचं. तीन, अकराच्या पुढचे पाढे पाठ करण्याआधी ते कसे बनतात ते दाखवायचं. तेरा साते म्हणजे दहा साते सत्तर आणि तीन साते एकवीस, मिळून एक्याण्णव. एकोणीसचा पाढा म्हणजे वीसचा पाढा, दर वेळी एकेक पट कमी : वीस सक एकशे वीस, त्यातून सहा गेले, एकशे चौदा. हिशेबनीस माणसाला हे मनातून येतच असतं, ते बोलून दाखवायचं आहे फक्त.

त्यांच्या पाढ्यात ‘सोळा साते बारोदरसे’ येत असेल. मुलगा ते नुसता आवाज म्हणून म्हणत असेल. आजोबांना त्याचा अर्थ सांगायला लावा : बारा उत्तर शे, शंभराच्या वर बारा, म्हणजे ११२. या शब्दावर दोघांची एक अख्खी संध्याकाळ आनंदात जाईल.

तिसापर्यंत जायलाच हवं का? माझ्या मते यंदा नको. दहापर्यंत मधल्या दाराने पक्कं, मग बारा, पंधरा आणि पंचवीस, कारण ते व्यवहारात सारखे लागतात. बाकीचे वीसपर्यंतचे पुढच्या दोन वर्षांत सावकाश. पुढे लसावि, मसावि, अपूर्णांकांचं लघुतम रूप येईल तेव्हा खरा उपयोग वेगळाच होतो : ५६ बघितल्यावर ते सातच्या पटीतही आहे आणि आठच्याही, हे दिसायला लागतं. त्याची तयारी खेळात करा. रिक्षातून ठाण्याला जाताना पुढच्या गाडीची पाटी वाचायची, एमएच त्रेचाळीस असो की एमएच शून्य चार, शेवटचे चार आकडे घ्यायचे. समजा ४२५७ आहे. चार आणि दोन सहा, पाच अकरा, सात अठरा. बेरीज अठरा, तीनने भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येलाही जातो, आणि नऊनेही जातो. मुलं यात इतकी रमतात की ऐरोलीच्या सिग्नलचा कंटाळा येत नाही.

अबॅकसबद्दल थोडक्यात. तो वाईट नाही, काही मुलांना त्यातून आकडेमोडीची हातोटी येते. पण तुमच्या मुलाला आज जी अडचण आहे तिच्यावरचा तो इलाज नाही, आणि संध्याकाळचा आजोबांचा वेळ त्यात जाईल. यंदा पैसे आणि वेळ दोन्ही वाचवा.

शाळेत वर्गशिक्षिकेला एकदा भेटा. तक्रार म्हणून नको. वही दाखवा, ६५ दाखवा, तो मराठीत आठवतो हे सांगा, आणि महिनाभर त्याला घड्याळाविना लिहू द्याल का ते विचारा. घाई आणि भीती असली की येत असलेलंही त्या क्षणी हाताशी येत नाही, हे वर्गात रोज दिसतं, बहुतेक बाई ऐकतात. तरीही दोन-तीन महिने हे सगळं शांतपणे करूनही आकडे उलटे पडत राहिले, घड्याळ वाचणं, सुट्टे पैसे मोजणं, वाचन-लेखन यांतही तसाच त्रास दिसला, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तशी सोय आहे. पत्रावरून मला तशी शक्यता फार वाटत नाही, पण शंका मनात ठेवून मुलाला रागावण्यापेक्षा तपासून घेतलेलं बरं.

आणि तुमची शेवटची ओळ. तुमचं गणित कच्चं होतं म्हणजे काय होतं, ताई? तुम्ही नोकरी करता, घरखर्च चालवता, गाडी चुकली तर पुढची पकडून किती वाजता पोचाल ते ऐरोली स्टेशनच्या जिन्यावरच सांगता. तुम्हालाही कुणीतरी मधूनच विचारलं असणार, तुम्ही पहिल्यापासून म्हणायला लागला असाल आणि कुणीतरी ‘येत नाही’ म्हणून पुढे गेलं असेल. मुलासमोर ‘मलाही यायचं नाही’ हे वाक्य बोलू नका. त्याऐवजी त्या सहा घरांतलं एक तुमच्या वाट्याला घ्या आणि त्याला तुम्हाला विचारू द्या. तुम्हीही अडखळाल कधी, मग दोघं मिळून सात साते एकोणपन्नासवरून सात पुढे जा.

येत्या शुक्रवारी तो घरी आला की गुण विचारू नका. विचारा, ‘आपल्या सहांपैकी आज कोणकोण आले होते?’